एमएसवर इस्ट्रिऑल: गुण असून उपेक्षित?

रानजाई:
मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस), म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या मायलिन या आवरणावर आपलीच प्रतिकारशक्ती हल्ला करते तो आजार, बायकांना पुरुषांच्या दोन-तीन पट होतो, पण गरोदरपणात तोच आजार आपणहून नरमतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या १२ युरोपीय देशांतल्या अभ्यासात २५४ बायका होत्या. गरोदरपणाआधी वर्षाला सरासरी ०.७ रिलॅप्स (आजार पुन्हा उसळणं), त्याच हिशोबाने शेवटच्या तिमाहीत ०.२, आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत थेट १.२! वारेतून येणारं इस्ट्रिऑल हे इस्ट्रोजेन गटातलं हार्मोन गरोदरपणात भरपूर असतं. मायलिनवर तुटून पडणाऱ्या टीएच१, टीएच१७ या दाह वाढवणाऱ्या प्रतिकारपेशी दबतात, त्यांना आवरणाऱ्या नियामक टी पेशी वाढतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या रोंडा व्होस्कुल यांनी इस्ट्रिऑलच्या गोळ्या देऊन पाहिल्या. मग पुढे काय? जुनं, स्वस्त हार्मोन, त्यात पैसा कोण घालणार? माझ्या मते घोडं इथेच अडलंय.

दीडशहाणा:
कंपन्यांच्या नावाने बोटं मोडण्याआधी व्होस्कुल यांच्याच चाचणीचा २०१६चा निकाल बघा. दोन वर्षांअखेर इस्ट्रिऑल घेणाऱ्यांत वर्षाला ०.२५ रिलॅप्स, न घेणाऱ्यांत ०.३७; पी (फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०७७. मर्यादा आधीच ०.१० ठेवली होती म्हणून पास! शिवाय पहिल्या वर्षी दिसलेला फरक दुसऱ्या वर्षी आटला. फ्रान्स-इटलीत बाळंतिणींना प्रोजेस्टिन आणि इस्ट्राडिऑल ही दुसरी स्त्री-हार्मोन्स देऊन पाहिलं, रिलॅप्स कमी झाले नाहीत. गरोदरपण म्हणजे नुसती हार्मोन्स नव्हेत. निम्मा परका गर्भ सांभाळायला अख्खी प्रतिकारशक्तीच पवित्रा बदलते.

रानजाई:
तिथे हार्मोन बाळंतपणानंतर दिलं, तेही वेगळं. त्यावरून इस्ट्रिऑल कसं बाद होतं?

कोकणकडा:
तुम्ही दोघं एमएसपुरतंच बोलताय. एनएमओत (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एमएससारखाच दिसणारा पण वेगळा आजार) बायकांचं प्रमाण याहूनही जास्त, पण गरोदरपणाचं कवच नाही. तो आजार मुख्यतः अँटीबॉडींचा. इस्ट्रोजेन अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना जगवतं, अँटीबॉडीला खतपाणी घालतं. त्यात ज्या एक्वापोरिन-४ या प्रथिनावर हल्ला होतो ते वारेतही असतं. निदान पक्कं नसताना हार्मोन देणार?

दीडशहाणा:
आणि एक्स गुणसूत्र? बायकांत दोन एक्स असतात, त्यातलं एक बहुतांशी बंद असतं; पण प्रतिकारशक्तीशी संबंधित टीएलआर७ हे जनुक त्या दुसऱ्या एक्सवरही काही पेशींत चालूच राहतं, तिथे हार्मोनचा संबंध नाही. कॅनडात तर एमएसमध्ये बायकांचं प्रमाण काही दशकांत चढत पुरुषांच्या तीनपटींच्या वर गेलं. आजीच्या अंगातही हीच हार्मोन्स होती ना?

रानजाई:
हार्मोन्स हीच, हिशोब वेगळा. आजीची पाळी उशिरा आली, बाळंतपणं जास्त झाली. तुमचा कॅनडा माझ्याच बाजूने बोलतोय. पुरुषांचंही बघा: टेस्टोस्टेरॉन दाह आवरतं, म्हणून एमएसच्या दहा पुरुषांना वर्षभर त्याचं जेल लावून पाहिलं होतं.

दीडशहाणा:
दहा! तुलनेला दुसरा गटही नाही. यावर औषध ठरवायचं?

रानजाई:
औषध ठरवा म्हणत नाही. मोठी चाचणी करा म्हणतेय.