प्रीती, दया की कळवळा?

नगरकर: आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका अंथरुणाला खिळलेल्या एकट्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवतात. जातधर्म विचारत नाहीत. त्यासाठी एक पाटी करायची आहे. वडीलधारे म्हणतात, ‘ख्रिस्ताच्या प्रीतीने’ लिहा. तरुण पोरांना प्रीती म्हटलं की सिनेमातलं गाणं आठवतं, त्यांना ‘दया’ किंवा ‘करुणा’ हवं आहे. मराठी ख्रिस्ती वापरात या शब्दांत खरंच काही फरक आहे का?

जुनापाना: आहे, आणि तो क्रियापदात दिसतो. दया येते आणि करताही येते. करुणा वाटते. कळवळा फक्त येतो, ‘कळवळा कर’ असं कुणाला सांगता येत नाही. प्रीती मात्र ‘कर’ असं सांगता येतं. म्हणून मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ ही आज्ञा होऊ शकते. नव्या करारातल्या ग्रीक ‘अगापे’साठी, म्हणजे निःस्वार्थ प्रेमासाठी, आपल्याकडे हाच शब्द रुळला. मनात उमाळा येवो न येवो, डबा वेळेवर पोचवणं हे प्रीतीत बसतं.

दानधर्माशीही तिची गल्लत नको. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की सगळं धन वाटून टाकलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही. 1611च्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘चॅरिटी’ होतं. पुढे त्या शब्दाचा अर्थ देणगीपुरता आक्रसला आणि नंतरच्या भाषांतरांना तो बदलावा लागला. मराठीत ती अडचण आली नाही.

पोटतिडीक: मी कळवळ्याच्या बाजूने. लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात येशूने सांगितलेली गोष्ट घ्या. यरुशलेमेहून यरीहोला जाणारा माणूस लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला. याजकाने पाहिलं, लेव्याने (मंदिरातल्या सेवकाने) पाहिलं, दोघंही बाजूने निघून गेले. यहुद्यांनी परका मानलेल्या शोमरोन्यानेही पाहिलंच, पण त्याला कळवळा आला. आणि लगेच क्रियापदांची रांग लागते: जवळ गेला, तेल नि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दुसऱ्या दिवशी दोन दीनार काढून दिले, वर आणखी खर्च झाला तर परतताना देईन म्हणाला.

तिथलं ग्रीक क्रियापद ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दावरून आलं आहे. मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपलं आतडं तुटतं, पोटात कालवतं, आपण पोटतिडकीने बोलतो. कळवळणं हेही आधी देहाचंच आहे, पोटात कळ आली की माणूस कळवळतो. दुसऱ्याचं दुखणं आपल्या पोटात दुखणं, यासाठी मला याहून नेमका शब्द माहीत नाही.

जुनापाना: मान्य. योहानाच्या पहिल्या पत्रात (3:17) तर दोन्ही शब्द जोडीने येतात. भाऊ गरजवंत दिसत असताना जो स्वतःला त्याचा कळवळा येऊ देत नाही, त्याच्यात देवाची प्रीती कशी राहील? ‘येऊ देत नाही’ यावर थांबा. कळवळा आणता येत नाही, पण अडवता येतो.

आणि हीच जोडी तुकोबांकडे आहे: ‘ऐसी कळवळ्याची जाती । करी लाभाविण प्रीती’. तो अभंग आईबद्दल आहे. लाभाविण प्रीती, अगापेची यापेक्षा चांगली मराठी व्याख्या मी वाचलेली नाही. मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, ते उगीच नाही.

मांडवीकाठ: गोव्यातून एक भर. कोंकणीत ‘मोग’ हा एकच शब्द प्रियकराला चालतो आणि देवालाही. ‘देवाचो मोग’ म्हणताना कुणी हसत नाही. शब्द रोजच्या तोंडात असला की त्याला लाज लागत नाही. पोरं हसतात म्हणून प्रीती काढू नका, वापरत राहा.

नगरकर: मग ‘दया’ बादच का?

पोटतिडीक: बाद कशाला? त्याच शोमरोन्याच्या गोष्टीच्या शेवटी शेजारी कोण ठरला असं येशूने विचारल्यावर समोरचा शास्त्री म्हणतो, दया करणारा. शब्द पवित्रच आहे. पण आजच्या बोलण्यात दया वरून खाली येते. डबा घेणाऱ्या आजींनी दारातल्या पाटीवर ‘दया’ वाचली तर त्यांना घास गोड लागेल का, एवढंच बघा. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळातून मुली वाचवून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणल्या. त्या घराचं नाव ‘मुक्ती’. येणाऱ्या मुलीला काय मिळणार ते त्या नावात आहे, देणाऱ्याचा मोठेपणा नाही. याच बाई बायबल मूळ भाषांतून साध्या मराठीत आणण्यासाठी पुढे वर्षानुवर्षं खपल्या. ते छापून पुरं झालं 1924 साली, त्या गेल्यावर.

नगरकर: काल बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. प्रीती राहिली. पण पाटी डब्यावर किंवा कुणाच्या दारात लावायची नाही, आमच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर लावायची असं ठरलं. मंडळीतल्याच एका आजींचा आग्रह होता की जी पोळ्या लाटते तिला ती दिसली पाहिजे.