रेस्टीप म्हणजे लपाछपीच ना?

पुण्याहून भाचा आला सुट्टीत, त्याला म्हटलं जा रे खाली, पोट्टे रेस्टीप खेळून राह्यले, तर हा नुसता तोंडाकडे बघतो. ते काय असतं मामा? म्हटलं लपतात ते. "अच्छा, लपाछपी!" म्हणून पळाला अन पाच मिनिटांत परत, कारण पोट्टे म्हणतात तुझ्यावर डाव अन हा म्हणतो राज्य, त्यावरूनच भांडण. आता मला सांगा, रेस्टीप अजून कुठं कुठं म्हणतात आणि हे ‘टीप’ काय आहे?

—

भाऊ, माझं माहेर रायपूर, छत्तीसगडातही रेसटीपच चालतं. टीप म्हणजे आपलं टिपणंच असावं असं मला वाटतं, चिमणी दाणा टिपते तसं डाववाला लपलेल्याला टिपतो. आम्ही ओरडायचोच ना, "पिंट्या टीप, कूलरच्या मागं!" आणि हिंदीवाल्यांचं आइस-पाइस, तुमचं डबा ऐसपैस, ही दोन्ही इंग्रजी ‘आय स्पाय’ची पोरं. मराठीत ऐसपैस हा शब्द आधीचाच, मोकळंढाकळं या अर्थाचा, त्यामुळे कुणाला शंकाच नाही आली.

—

ताई, डबा ऐसपैस अन रेस्टीप मिक्स नका करू. डबा लांब फेकायचा, डाववाला तो आणून गोलात ठेवेस्तोवर बाकीच्यांनी लपायचं, आणि कुणी येऊन डब्याला लाथ मारली की सापडलेले सगळे सुटले. आमचा डालड्याचा डबा होता, इतका चेपला होता की उभाच नाही राहायचा. नागपुरात महाल भागातल्या वाड्यात आम्ही शर्ट बदलून लपायचो, कूलरच्या खसच्या ताटीला पाठ लावून, शर्ट ओला गच्च, पण नुसती बाही दिसली म्हणून डाववाला भलत्याच पोराचं नाव घ्यायचा अन फसायचा. धप्पा अजून वेगळा, मागून येऊन पाठीत हाणला की त्याच्यावर परत डाव. म्हणून रेस्टीपमध्ये धप्पा चालेल का नाही हे आधीच ठरवा लागे, नाही तर मारामारी.

—

आणि लपंडाव? तो शब्द मैदानावर मी तरी एकदाही नाही ऐकला, तो आता फक्त पेपरात राहतो. विजेचा लपंडाव, पावसाचा लपंडाव. विजेची लपाछपी असं कुणी छापेल का! उलट रेस्टीप गल्लीभर ऐकू येते पण छापून आलेली मला कधी दिसली नाही. पण लपंडाव शब्द फोडून बघा, लपणं अधिक डाव. म्हणजे तुमच्याकडचे पोट्टे ज्यावरून भांडून राह्यले तो डाव त्या शब्दात आधीच बसलेला आहे. अन राज्य काहून म्हणायचं बे, जो सापडला त्यालेच राज्य?

—

वाचून दाखवलं भाच्याले. म्हणतो, मामा, मग मी डाव देतो, पण धप्पा चालणार नाही.