जाड चामड्यावर टाके सुटतात तेव्हा

मशीनवर चामडं शिवताना दोन थरांवर शिलाई नीट येते, पण चार थरांच्या जोडावर टाके सुटतात, या तक्रारीवर वरच्या दोऱ्याचा ताण वाढवायचा सल्ला आलाय. त्यानं फरक पडणार नाही. वर जाणाऱ्या सुईला चिकटून चामडंही उचललं जातं, दोऱ्याचा फास बनतच नाही आणि तो फास पकडणारा खालचा हूक रिकामा फिरतो. प्रेशर फूटचा, म्हणजे चामडं दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब वाढवा. दोरा टेक्स ७० जाडीचा बाँडेड (तंतू चिकटवलेला) नायलॉन असेल तर ११०/१८ नंबरची, चामड्यासाठीची लेदर सुई लावा. जोडाच्या चढावर फूट पुढून उचलला जातो. जोडाइतक्याच जाडीचा तुकडा फूटच्या मागच्या भागाखाली सरकवा आणि ते तीन-चार टाके चाक हातानं फिरवून घ्या. चामडं मागून ओढलं तर सुई वाकून प्लेटवर आपटते, मग मोडलीच समजा. टाका ४ मिमीचा ठेवा. २ मिमीचा घेतलात तर भोकांच्या रेषेवर चामडं तिकिटासारखं फाटेल.