सरकारच्या कर्जाची किंमत उद्योग मोजतात का?

जमाखर्च
समाजाची वर्षभराची बचत अमर्याद नसते. ती बँका, विमा कंपन्या, पेन्शन फंडांकडे गोळा होते आणि तिथेच सरकार रोखे, म्हणजे कर्जाच्या चिठ्ठ्या, विकायला घेऊन उभं राहतं. तूट वाढली की रोखे वाढतात, ते खपवायला व्याज चढतं. सरकारच्या मागे कर आहेत, कारखानदाराला नफ्यातूनच फेडायचं असतं. ९ टक्क्यांना परवडणारा प्रकल्प १२ टक्क्यांना गुंडाळावा लागतो. न उभारलेला कारखाना कुणाला दिसत नाही, त्याचा हिशेब कुठल्याच अर्थसंकल्पात येत नाही. हेच मला खुपतं.

उलटतपासणी
असहमत. बचतीचा हौद ठरलेला आहे हे गृहीतकच चुकीचं. माणसं आणि यंत्रं रिकामी असतील तर सरकारी खर्चाने उत्पन्न वाढतं, त्याबरोबर बचतही. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये दहा लाखांहून जास्त बेकार असताना अर्थमंत्री चर्चिल यांनी तुमचाच मुद्दा पुढे करून सार्वजनिक कामं नाकारली. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी तेव्हाच तो खोडला होता. आणि जपान? सरकारी कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांहून जास्त, तरी दहा वर्षांच्या रोख्यांचा व्याजदर कित्येक वर्षं शून्याजवळ होता.

जमाखर्च
जपानमध्ये १९९० नंतर शेअर आणि जमिनींच्या किमतींचा फुगा फुटला आणि कंपन्या जुनी कर्जं फेडत बसल्या. नवं कर्ज कुणाला नकोच होतं, मग सरकारी कर्ज बाजूला सारणार कुणाला? २०२२ चं ब्रिटन बघा. महागाई १० टक्क्यांच्या घरात, आणि २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, तीही कर्जावर. रोख्यांचे दर भडकले, बँकांनी गृहकर्जाच्या योजना मागे घेतल्या, पाच दिवसांत बँक ऑफ इंग्लंडला, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेला, रोखे विकत घ्यावे लागले.

पाणंद
खर्च कशावर होतो हेही बघा की. वीज आणि बंदर आलं तर खाजगी गुंतवणूक मागून येते. अनुदानात गेलेल्या कर्जामागून ती येईलच असं नाही.

उलटतपासणी
ब्रिटनमध्ये रोख्यांचे भाव पडल्यावर पेन्शन फंडांना जादा तारण भरायला घाईने रोखे विकावे लागले, त्याने आग भडकली. सगळं तुटीच्या माथी मारू नका. पण महागाई चढलेली आणि रोजगार भरलेला असताना सरकारने हात आखडावा, इथे मी तुमच्या बाजूने. मंदीत मात्र नाही. तेव्हा कारखानदार थांबतो तो व्याजामुळे नाही, गिऱ्हाईक नसतं म्हणून.