शब्दचर्चा: 'रिफ'ला मराठीत काय म्हणाल? (निमित्त 'स्मोक ऑन द वॉटर')

प्रश्न
डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्यामागची हकिगत मराठीत लिहायला घेतली आहे. तीन शब्दांपाशी गाडी अडली: रिफ, फ्लेअर गन आणि रॅटन. रिफसाठी 'मुखडा' चालेल का? फ्लेअर गनला मी 'भडकदिव्याची बंदूक' असं काहीतरी लिहिलंय, पण वाचून माझं मलाच हसू येतंय.

प्रतिसाद १
मुखडा नको. मुखडा म्हटलं की शब्द आले, सम आली. रिफ म्हणजे वाद्यावरचा छोटा तुकडा, जो पुन्हा पुन्हा येतो आणि त्यावर अख्खं गाणं उभं राहतं. आपल्याकडचा जवळचा शब्द 'लहरा': एकल तबल्याला पेटीवर किंवा सारंगीवर धरतात तो. पण लहरा बिचारा तबलजीला आवर्तन दाखवण्यापुरता, त्याला टाळ्या पडत नाहीत. रिफ मात्र सगळा भाव खाऊन जातो. याच गाण्याची सुरुवात ऐका. आधी रिची ब्लॅकमोरची गिटार एकटीच, दोन-दोन सूर एकदम, तेही पिक (तारा छेडायची चकती) न वापरता बोटांनी छेडलेले. मग हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) आणि जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन, मग बाकीचे ड्रम्स, मग बेस. गायक इयान गिलन तोंड उघडेपर्यंत गाणं डोक्यात बसलेलं असतं.

प्रतिसाद २
फ्लेअर गनला 'इशाऱ्याचं पिस्तूल' म्हणा. बोटीवर असतं ते, संकटात सापडल्यावर आकाशात जळता गोळा सोडायचं. नुसतं 'बंदूक' लिहिलंत तर वाचकाला वाटेल गोळीबार झाला. झालं ते असं: ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावचा कॅसिनो, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपाचा कार्यक्रम रंगात आलेला. प्रेक्षकांतल्या कुणा दीडशहाण्याने तो गोळा छताकडे सोडला. छताला होतं रॅटन, म्हणजे वेत (बांबू नव्हे, तेवढं सांभाळा). वाळका वेत पेटायला कितीसा वेळ लागणार? अख्खा कॅसिनो जळाला, झॅपाच्या मंडळींची वाद्यंही गेली. नशिबाने कुणी दगावलं नाही. माँत्रो जॅझ महोत्सवाचे संस्थापक क्लोद नॉब्स यांनी मुलांना बाहेर काढायला मदत केली, म्हणून गाण्यात त्यांचा उल्लेख आहे.

प्रतिसाद ३
४ डिसेंबर १९७१? त्याच रात्री आपल्या नौदलाने कराचीवर हल्ला केला होता. नौदल दिन त्याचाच. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण राहवलं नाही.

प्रश्नकर्ती
आभार. आता शीर्षक. 'पाण्यावर धूर' फारच सपाट वाटतंय. 'जळावरील धूम्रलेखा' वगैरे?

प्रतिसाद २
धूम्रलेखा कृपा करून नको! हे गाणं म्हणजे बातमी आहे हो, सपाटच हवं. आग लागली, जिनिव्हा सरोवरावर धूर पसरला आणि डीप पर्पलने तो काठावरून पाहिला. काही दिवसांनी बेसवादक रॉजर ग्लोव्हरला झोपेतून जागं होताना हे चार शब्द तोंडून निघालेले ऐकू आले. गिलनला सांगितल्यावर पहिली शंका हीच, की लोकांना हे नशापाण्याचं गाणं वाटेल. 'पाण्यावर धूर' ठेवलंत तर मराठीतही ती शंका थोडीफार येतेच. म्हणजे भाषांतर जमलं!

प्रतिसाद ४
हकिगतीचा खरा मजेशीर भाग पुढे आहे, तो गाळू नका. डीप पर्पलची मंडळी माँत्रोला आली होती त्या कॅसिनोतच 'मशीन हेड' हा अल्बम ध्वनिमुद्रित करायला. रोलिंग स्टोन्सचा 'मोबाइल स्टुडिओ' भाड्याने घेतला होता. (मोबाइल म्हणजे फोन नव्हे, ट्रकमध्ये बसवलेला स्टुडिओ. आजच्या वाचकाला हे सांगावं लागेल.) कॅसिनोच गेल्यावर पॅव्हिलियन नावाचं थिएटर मिळालं. तिथे ही रिफ वाजवत असताना आवाजाने शेजारी हैराण, पोलीस दारात. बँडच्या माणसांनी दारं आतून दाबून धरली आणि टेक पुरा झाल्यावरच उघडली. मग हिवाळ्यासाठी बंद असलेलं, गारठलेलं ग्रँड हॉटेल गाठलं. बोळांत गाद्या लावून आवाज अडवला. वाजवलेलं ऐकायला बाहेरच्या ट्रकपर्यंत जायचं तर खोल्या आणि बाल्कन्या ओलांडत जावं लागे, म्हणून शेवटी ऐकायलाच जाईनात. अल्बमला काही मिनिटं कमी पडत होती, तेव्हा पॅव्हिलियनमधला तो तुकडा बाहेर काढून त्यावर ही बातमी गायली. हे हिट होईल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यांची भिस्त अल्बममधल्या 'नेव्हर बिफोर' या गाण्यावर. अल्बम १९७२चा, पण हे गाणं अमेरिकेत सिंगल म्हणून आलं १९७३ साली, आणि तिथल्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. सोन्याचा धूर म्हणतात तो हाच.

प्रश्नकर्ती
रिफ हा शब्द तसाच ठेवते, पहिल्या वापराला 'पुन्हा पुन्हा येणारा वाद्यांचा तुकडा' एवढं सांगून. पण वर एकांनी 'तो रिफ' लिहिलंय आणि एकांनी 'ती रिफ'. मी काय लिहू?

प्रतिसाद १
माझ्या डोक्यात 'तुकडा' होता, म्हणून तो.

प्रतिसाद ४
गिटार वाजवणारी पोरं 'ती रिफ वाजव ना' असंच म्हणतात. धून, ट्यून, सुरावट सगळ्या स्त्रीलिंगी, त्यांच्याच पंगतीत ही बसली. 'ती' लिहा. अनेकवचन मात्र 'रिफा' करू नका, 'दोन रिफ' पुरे.