कर्करोगग्रस्त किशोरांच्या कादंबऱ्या : शेवट मरणातच का?

विभावरी :
कर्करोग झालेल्या किशोरवयीन मुलामुलींवरच्या इंग्रजी कादंबऱ्या आपल्याकडची मुलेही आवडीने वाचतात. त्यांतली सर्वांत गाजलेली म्हणजे जॉन ग्रीन यांची 2012 सालची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'. माझा आक्षेप असा, की या प्रकारात कोणीतरी मेल्याशिवाय कथा पुरी होत नाही. अमेरिकेत कर्करोग झालेल्या मुलांपैकी सुमारे 85 टक्के मुले निदानानंतर पाच वर्षांनी हयात असतात. त्यांच्या वाट्याला येतात ते ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, दोन-अडीच वर्षे चालणारे उपचार, स्टेरॉइडमुळे सुजलेला चेहरा, बुडालेली शाळा, आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाने हृदयाला इजा झाली आहे का हे पाहण्यासाठी बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे कराव्या लागणाऱ्या तपासण्या. अशा मुलाची गोष्ट रंगवणे अवघड आहे हे मान्य, पण म्हणून ती लिहायचीच नाही काय?

निरंजन :
विभावरीताई, कादंबरीने टक्केवारी पाळावी ही अपेक्षाच मला पटत नाही. 'द फॉल्ट इन अवर स्टार्स'ची नायिका आणि निवेदक हेझल हिचा थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसांत पसरलेला आहे आणि ती ऑक्सिजनची नळी लावून वावरते. तिला 85 टक्क्यांचा दिलासा काय कामाचा? 2013 साली ब्रिटनच्या 'डेली मेल'ने अशा पुस्तकांना 'सिक-लिट', म्हणजे आजारपणाचे साहित्य, म्हणून झोडपले, तेव्हा टीकाकारांनी हे पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते का, अशी मला शंका आहे. हेझलचा देखणा, हजरजबाबी प्रियकर ऑगस्टस अखेरीस मध्यरात्री पेट्रोल पंपावर गाडीत सापडतो, तो ओकारीने माखलेला आणि पोटातल्या नळीला जंतुसंसर्ग झालेला असा. आजारी माणसाने शूर आणि शहाणे असलेच पाहिजे, या निरोगी लोकांच्या हट्टाची इतकी निर्दय झाडाझडती किशोरांच्या पुस्तकांत क्वचितच सापडेल.

विभावरी :
तो प्रसंग उत्तम आहे, यात वाद नाही. पण तिथवर पोहोचण्याआधी प्रेमाला फुलायला जी उसंत मिळते, ती 'फॅलँक्सिफॉर' नावाच्या औषधामुळे, आणि असे औषध अस्तित्वातच नाही. लेखकाने ते पुस्तकातच कबूल केले आहे, हे खरे. तरी मरणाचा तपशील वास्तवातला आणि जगण्याची मुदत कल्पनेतली, ही वाटणी मला खटकते.

मुक्ता :
मला वाटते, शेवटापेक्षा गोष्ट कोण सांगते हे अधिक महत्त्वाचे आहे. जेसी अँड्र्यूज यांच्या 'मी अँड अर्ल अँड द डाइंग गर्ल'मध्ये प्रेमकथा नाही, आणि या आजारातून आपण काहीही शिकलो नाही असे निवेदक बजावून सांगतो, हे मला फार आवडले. परंतु तो निवेदक निरोगी मुलगा आहे, आणि ल्युकेमिया झालेली रेचल मनातून काय भोगते ते आपल्याला जवळजवळ कळतच नाही. हेझल निदान स्वतः बोलते, आणि तेही चिडून, कंटाळून, थट्टा करत. निरंजन यांचा मुद्दा म्हणूनच मला अधिक पटतो.

विभावरी :
हेझल बोलते, पण तिला बोलते करणारा लेखक प्रौढ आणि निरोगीच आहे. ग्रीन यांनी ही कादंबरी ज्या एस्थर अर्लला अर्पण केली, ती थायरॉइडच्याच कर्करोगाने 2010 साली, सोळाव्या वर्षी गेली. तिच्या रोजनिशीचे आणि पत्रांचे 'धिस स्टार वोन्ट गो आउट' हे पुस्तक 2014 साली आले. मुलांच्या हाती आधी ते द्यावे आणि कादंबरी त्यानंतर, असे माझे मत आहे.