जोशुआ ट्रीच्या फुलात काळपट पतंग – युक्का मॉथच ना? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मार्चअखेरीस आम्ही लॉस एंजेलिसहून जोशुआ ट्री नॅशनल पार्कला गेलो होतो. जोशुआ ट्री म्हणजे युक्का या वनस्पतीचाच झाडासारखा वाढणारा प्रकार. ही झाडं उंच, त्यामुळे फुलं सहसा डोक्यावरच राहतात. तंबूजवळ मात्र एका बुटक्या झाडाचा तुरा हाताशी आला. फुलं जाड, हिरवट-पांढरी, अर्धवटच उमलतात. वास चक्क कुबट, अळंब्यांसारखा.

एका फुलात तळाशी सेंटीमीटरभर लांबीचा काळपट पतंग दिसला. पंख अंगाला असे चिकटवलेले की आधी मला गांधीलमाशीच वाटली. वाचलं होतं ते पांढऱ्याशुभ्र युक्का मॉथबद्दल, म्हणून गोंधळलोय. फोटो तीन आहेत, पण जवळून काढताना हात हलला. हा परागण करणारा टेजेटिक्युला, की नुसतीच अंडी घालून जाणारा प्रोडॉक्सस?

प्रतिसाद १:
जागा सांगितलीत, अर्धं काम झालं. त्या पार्कात जोशुआ ट्रीची पश्चिमेकडची जात आहे आणि तिचा पतंग टेजेटिक्युला सिंथेटिका. तो काळपटच असतो. पांढरा म्हणजे बहुधा युक्कासेला, तो दुसऱ्या युक्कांवरचा. पूर्वेकडच्या जोशुआ ट्रीवर लहान चणीचा अँटिथेटिका असतो. तो वेगळी जात आहे हे 2003 साली मांडलं गेलं. नेवाडातल्या टिकाबू व्हॅलीत दोन्ही झाडं आणि दोन्ही पतंग शेजारी नांदतात. तिथला फोटो असता तर मी पैज लावली नसती.

आता डोक्याखाली बघा. मादीच्या तोंडाशी सोंडेसारखे दोन अवयव असतात, त्यांत ती परागांची गोळी धरून हिंडते. अंडाशयावरच्या नळीला (कुक्षिवृंताला) भोक पाडून अंडी घालते, मग वर चढून गोळीतले पराग कुक्षीत, म्हणजे त्या नळीच्या टोकाला, दाबून भरते. मुद्दाम! स्वतः तिथे काही खात नाही. पोरं थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. प्रोडॉक्ससकडे ते अवयवच नाहीत. गोळी दिसली तर प्रश्न मिटला. नाही दिसली तर नरही असू शकतो.

मूळ धागाकर्ता:
फोटो उजळून पाहिला, डोक्याखाली पिवळसर ठिपका आहे! अजून एक: झाडाखाली भोक पडलेली फळं होती, ती कुणाची करामत?

प्रतिसाद १:
म्हणजे पतंग मादीच आहे, अभिनंदन. टेजेटिक्युलाची अळी फळ पोखरून बाहेर पडते आणि मातीत कोष करते. प्रोडॉक्ससची झाडातच मुक्काम ठोकते. भोकांवरून लगेच निकाल देऊ नका, खारीही फळं कुरतडतात. आणि पार्कातलं फळ खिशात घालून आणलं नाहीत ना? तिथे मनाई आहे.